ग्रॅनाइटवाल्याला आधी थांबवा

प्रश्न : माझं माहेर साताऱ्याचं, हिंदू. सासर मराठी कॅथलिक, मूळ जालन्याकडचं, पण दोन पिढ्या मुंबईच्या पश्चिम उपनगरात. जूनमध्ये सासूबाई गेल्या. दफन आमच्याच पॅरिशच्या, म्हणजे आमच्या भागातल्या चर्चच्या, दफनभूमीत झालं. त्या दिवशी जो जे सांगेल ते पैसे देत गेलो, आता हिशोब मांडायला बसलो तर काही कळत नाही. पॅरिश ऑफिसच्या पावतीवर ‘टी.जी. 24’ असं लिहिलंय आणि खाली खोदाई, विधी, देखभाल अशा तीन रकमा. शववाहिकेवाल्याने बिलात जीएसटी लावलाय. खड्डा खणणाऱ्यांनी वेगळे पैसे घेतले, त्याची पावती नाही. मोठ्या दिरांनी ग्रॅनाइटची कबर बांधायला एका कारागिराला 10 हजार आगाऊ दिलेत. त्याने 65 चौरस फूट दगड लागेल म्हणून सांगितलंय, ते बरोबर आहे का? पावसात कबरीची माती खचली. नणंद म्हणते, नीट बुजवलीच नव्हती. आणि 2 नोव्हेंबरला माझे आईवडील कबरीवर यायचं म्हणताहेत. आई हळदकुंकू, नारळ आणि सासूबाईंच्या आवडीची पुरणपोळी घेऊन येणार. तिला कसं सांगू? काय चालतं, काय नाही?
– एक सून, मुंबई

उत्तर :

ताई, बाकीचं सावकाश वाचा, पण आज संध्याकाळीच दिरांना फोन करा आणि ग्रॅनाइटचं काम थांबवायला सांगा. ‘टी.जी.’ म्हणजे बहुतेक करून टेंपररी ग्रेव्ह, तात्पुरती कबर. 24 म्हणजे 24 महिने. उद्या पावती घेऊन पॅरिश ऑफिसात जा, कबरीचा नंबर सांगा आणि रजिस्टरमध्ये काय नोंद आहे ते डोळ्यांनी पाहा. नोंद तशीच निघाली, तर त्या जागेवर पक्कं बांधकाम करायला परवानगी मिळणार नाही. आणि दिरांनी कुणाला न विचारता बांधलंच, तर मुदत संपल्यावर ते फोडावं लागेल. फोडण्याची मजुरीही तुमच्याच अंगावर.

हा घोटाळा फार घरांत होतो, कारण पैसे भरताना आपण ‘जागा घेतली’ असं म्हणतो. जागा कुणीच घेत नाही. दफनभूमीची जमीन चर्चच्या ट्रस्टची, काही ठिकाणी महापालिकेची. कायम कबर असली तरी आपल्याला मिळतो तो त्या जागेत दफन करण्याचा हक्क. तात्पुरत्या कबरीत तर तोही ठरावीक मुदतीपुरता. तुम्ही जूनमध्ये जे पैसे भरलेत ते दोन वर्षांच्या मुदतीचे. हे एकदा मनात बसलं की पावतीवरचा प्रत्येक आकडा आपोआप उलगडतो.

मुंबईत जागेची इतकी टंचाई आहे की बऱ्याच पॅरिशांनी नव्या कायम कबरी देणं बंद केलंय. ज्यांच्या जुन्या कुटुंबाच्या कबरी आहेत त्या चालू राहतात, बाकीच्यांना तात्पुरती. मुदत पॅरिशनुसार दीड ते तीन वर्षं. मुदत संपत आली की नोटीस बोर्डावर नंबर लागतात, काही ठिकाणी फोन किंवा पत्र येतं. मग घरच्यांपैकी कुणीतरी हजर असताना दफनभूमीचे लोक कबर उघडतात. हाडं काढून धुतात, सुकवतात, पांढऱ्या कापडात बांधतात. ती एकतर ‘निश’मध्ये ठेवली जातात, म्हणजे भिंतीतल्या कप्प्यात, किंवा हाडांच्या सामाईक विहिरीत जातात. विहिरीला सहसा वेगळे पैसे नसतात. निशला असतात, आणि निशचीही मुदत असू शकते. शरीर पूर्ण विरघळलं नसेल तर कबर पुन्हा बंद करून काही महिने थांबतात. त्यात कुणाचा दोष नसतो, पण ते पाहायला लागणं फार वाईट. म्हणून त्या दिवशी नणंदेला सोबत न्यायचं की नाही ते आधीच ठरवा. एका घट्ट मनाच्या माणसाने जाणं पुरेसं आहे.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही. सासरे कुठे आहेत? ते आधी गेलेले असतील आणि त्यांची हाडं त्याच दफनभूमीत निशमध्ये असतील, तर तुमचा अर्धा प्रश्न इथेच सुटतो. एका निशमध्ये घरातल्या एकापेक्षा जास्त माणसांची हाडं ठेवता येतात, बहुतेक ठिकाणी तशी मुभा असते. मग खर्च फक्त कप्पा उघडण्याचा आणि पाटीवर दुसरं नाव कोरण्याचा. निश नवी घ्यायची असेल तर खोली मोजून घ्या. मांडीचं हाड साधारण दीड फूट लांब असतं, त्यामुळे कप्पा आत निदान दीड फूट तरी हवा, पावणेदोन असेल तर बरं. अस्थिकलशासाठी बांधलेले छोटे कप्पे वेगळे असतात, दोन्हींचे दर एकाच फळ्यावर लिहिलेले असतात आणि लोक स्वस्त आकडा बघून चुकीच्या कप्प्याला हो म्हणून बसतात.

निशसाठी अर्ज मुदत संपायची वाट न बघता करा. रिकामे कप्पे कमी आणि यादी लांब असते. सोबत मृत्यूचा दाखला, दफनाची पावती, अर्जदाराचं ओळखपत्र आणि बाकीच्या भावंडांची लेखी संमती लागते. संमतीचा कागद आत्ताच, सगळे एका मनाचे आहेत तोवर करून ठेवा. आणि निशचा हक्क कुणाच्या नावावर राहील तेही त्याच कागदात लिहा, नाहीतर वीस वर्षांनी तुमच्या मुलांना चुलत भावंडांच्या सह्या गोळा करत फिरावं लागेल.

(मृत्यूची नोंद 21 दिवसांत विनाशुल्क होते, ती तुमची झालीच असेल. दाखल्याच्या पाच-सहा प्रती काढून ठेवा. बँक, पेन्शन, निश, सगळीकडे एकेक जाते. नावाचं स्पेलिंग पॅरिशच्या रजिस्टरमध्ये एक आणि दाखल्यावर दुसरं, असं मराठी ख्रिस्ती नावांच्या बाबतीत सर्रास होतं. आत्ताच जुळवून बघा.)

आता आकड्यांकडे येऊ.

खोदाई ही रक्कम लोकांना नेहमी जास्त वाटते. हिशोब करून पाहा. सात फूट लांब, तीन फूट रुंद, सहा फूट खोल म्हणजे 126 घनफूट, सव्वा ब्रास माती (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). ती दोन-तीन माणसं कुदळ-फावड्याने काढतात, कारण दोन कबरींच्या मधल्या हातभर जागेत यंत्र शिरत नाही. मऊ मातीत चार-पाच तास, मुरूम लागला तर दुप्पट. तुमचं दफन जूनचं, म्हणजे खड्ड्यात पाणी झिरपत असणार, ते उपसत खणायचं, आणि बाजूची शेजाऱ्याची कबर ढासळू नये म्हणून फळ्या लावायच्या. पॅरिशने पावसाळ्यात थोडी जास्त रक्कम लावली असेल तर त्यावरून वाद घालू नका.

विधीची रक्कम म्हणजे मिस्सा (फादर चालवतात ती चर्चमधली उपासना), क्वायर म्हणजे गाणारा गट, ऑर्गन, चर्चची वीज यांचा मिळून खर्च. मिस्सासाठी दिलं जाणारं ते अर्पण असतं, भाडं नाही. चर्चच्या कायद्यात, कॅनन 1181 मध्ये, गरिबाला पैशाअभावी योग्य अंत्यविधी नाकारला जाऊ नये असं स्पष्ट लिहिलेलं आहे. तुमच्या घरात हा प्रश्न दिसत नाही, पण ओळखीत कुणी अडलं तर त्यांना सरळ पॅरिश प्रीस्टशी बोलायला सांगा. बऱ्याच पॅरिशांत सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचा गट असतो आणि तो गाजावाजा न करता मदत करतो.

देखभाल म्हणजे झाडलोट, गवत कापणं, दिवे, पाणी, राखणदार. तुमच्या कबरीची धुलाई त्यात येत नाही. ही रक्कम एकदाच भरायची आहे का दरवर्षी, एवढं विचारून घ्या. दरवर्षीची असेल आणि थकली, तर निशच्या अर्जाच्या वेळी सगळी मिळून समोर येते.

पावती ट्रस्टच्या नावाची, छापील क्रमांकाची असली पाहिजे. चर्चचे ट्रस्टही महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली येतात, त्यांचे हिशोब तपासले जातात. दरपत्रक मागितलं तर ऑफिसातली मंडळी ते दाखवतात, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

जीएसटीचं मात्र विचाराच. अंत्यविधी, दफन, दहन, शवागार आणि मृतदेहाची वाहतूक या सेवा जीएसटी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आहेत, म्हणजे त्यांच्यावर कर लागतच नाही. 2022 च्या जुलैत स्मशानावर 18 टक्के कर लागल्याची बातमी मोबाइलवरून घरोघर फिरली होती. तो वाढीव दर स्मशानभूमी बांधण्याच्या कंत्राटांवर होता, अंत्यविधीवर नव्हे. तेव्हापासून काही जण बिलात तो आकडा बिनधास्त टाकतात. शववाहिकेवाल्याला विचारा, कर कशावर लावलाय? नुसत्या वाहतुकीवर असेल तर परत मागा. शवपेटी किंवा दगड वस्तू म्हणून वेगळी विकली असेल तर गोष्ट वेगळी, तिथे कर लागू शकतो. पण तेव्हा बिलावर त्याचा जीएसटी क्रमांक आणि प्रत्येक वस्तूची स्वतंत्र ओळ दिसली पाहिजे.

खणणाऱ्यांना दिलेल्या पैशाची पावती कधीच मिळत नाही. ती बक्षिसी. खोदाईची रक्कम ऑफिसात भरलेली असताना ती बंधनकारक नाही, पण देण्याची रीत आहे आणि ती चांगली आहे. चूक होते ती वेळेची. शवपेटी खड्ड्याशी आलेली असताना, घरचे रडत असताना कुणीतरी पाकीट काढतं आणि आकडा मग समोरचा ठरवतो. घरातल्या एकाच माणसाकडे हे काम द्या, माती पूर्ण लोटून झाल्यावर सगळ्यांना सारखं द्या. झालं ते झालं, यावरून आता पॅरिशकडे तक्रार नेऊ नका.

शवपेटीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण घरात आणखी म्हातारी माणसं असतील म्हणून लिहितो. तात्पुरत्या कबरीत सागवानाची, जाड पॉलिशची पेटी हा पैसा मातीत घालणं तर आहेच, वर त्रासही आहे. सागवान, लॅमिनेट, आतलं सॅटिन, नायलॉनची साडी, रबरी तळव्यांचे बूट, काहीच दोन वर्षांत कुजत नाही. प्लॅस्टिकचं अस्तर असेल तर शरीरही लवकर विरघळत नाही, मग कबर पुन्हा बंद करायची वेळ येते. साध्या लाकडाची पातळ पेटी, सुती कपडे, हातात लाकडी रोझरी, म्हणजे जपमाळ. वसईकडच्या काही पॅरिशांत तर पेटी फक्त दफनभूमीपर्यंत न्यायला वापरतात आणि प्रत्यक्ष दफन सुती कापडात करतात. यात कुठेही चर्चच्या नियमाला बाधा येत नाही.

नणंदेला सांगा, माती खचली ती बुजवण्यातल्या चुकीने नव्हे. खणून काढलेली माती फुगते, म्हणून पहिल्या दिवशी वर चांगला उंचवटा दिसतो. पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांत त्यातली हवा निघून ती दबते. पुढच्या पावसाळ्यापर्यंत पेटीचं झाकण कुजून आत बसतं, तेव्हा आणखी एकदा खचेल, कधीकधी एकदम फूटभर. ज्या कबरीला असं होत नाही तिचीच काळजी करावी, कारण तिथे आत काहीतरी न कुजणारं आहे. पाऊस थांबला की दफनभूमीच्या माणसांकडून दोन-चार घमेली माती टाकून घ्या. बाहेरची लाल माती विकत आणायची गरज नाही, तिथेच असते. वर पाय देऊन ठोकू नका, पाण्याने भिजवा, ती आपोआप बसते.

यावरून ग्रॅनाइटचंही लक्षात येईल. समजा कबर कायम असती तरी जूनमध्ये दफन आणि नोव्हेंबरमध्ये बांधकाम हे चूकच होतं. कारागिराचा आकडा बघा. वरची लादी 7 गुणिले 3, म्हणजे 21 चौरस फूट. चारही बाजूंचा घेर 20 फूट, उंची दीड फूट, म्हणजे 30. डोक्याकडचा दगड दोन बाय अडीच, म्हणजे 5. झाले 56. कापताना दहा टक्के वाया जातो, म्हणजे 62 च्या आसपास. 65 सांगितले, तर माणूस फार लबाड नाही. पण 18 मिलिमीटरच्या ग्रॅनाइटचं वजन चौरस फुटाला साडेचार किलोच्या घरात, म्हणजे नुसता दगड अडीचशे किलो. त्याखाली नऊ इंची विटांचं बांधकाम घातलं की ते टनाच्या पुढे जातं. एवढा भार पोकळ, अजून दबणाऱ्या मातीवर टाकला की एका कोपऱ्यात बसतं, सांधा उघडतो, त्यातून पाणी जातं आणि दुसऱ्या पावसाळ्यात लादी मधोमध तडकते. कायम कबरीवरही निदान एक पूर्ण पावसाळा जाऊ द्यावा, काळ्या मातीच्या भागात, नगर-जालन्याकडे, दोन. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर विटांचं काम करायचं तर खाली काँक्रीटचा पट्टा हवाच.

मग 10 हजारांचं काय? दगड अजून कापला नसेल तर कारागिराशी बोलून ती रक्कम निशच्या पाटीकडे वळवून घ्या. पाटी कप्प्याच्या तोंडाएवढीच, साधारण दीड फूट बाय दीड फूट असते, तेव्हा बरेच पैसे उरतील. माप मात्र कप्पा मिळाल्यावर प्रत्यक्ष घेऊन द्या. पाटी काळ्या ग्रॅनाइटची आणि अक्षरं कोरीव घ्या. नुसतं रंगवलेलं नाव दोन उन्हाळे टिकतं. कोरलेल्या अक्षरांतला सोनेरी रंग उडाला तरी नाव वाचता येतं आणि पुन्हा भरता येतो. दर बहुधा अक्षरावर असतो, तिथे देवनागरीत जोडाक्षर, काना, मात्रा, अनुस्वार कसे मोजणार ते आधी ठरवा. ‘ख्रिस्तवासी’ या एका शब्दावरून भांडणं होतात. आणि कोरण्याआधी मजकूर कागदावर खऱ्या मापात छापून मागा, घरातल्या दोघांनी वेगवेगळा वाचा. तारीख चुकली तर दगडात खोडरबर चालत नाही.

तोवर कबरीवर काय ठेवायचं? लाकडी किंवा लोखंडी क्रूस, त्यावर नाव, तारखा आणि कबरीचा नंबर. लोखंडी असेल तर आधी लाल प्रायमर, मग ऑइल पेंट, नाहीतर एका पावसात गंजाचे ओघळ नावावर येतात. कडेने सुट्या विटा किंवा गोटे मांडून ठेवायला सहसा हरकत घेत नाहीत, सिमेंट मात्र नाही. मातीत सदाफुली लावा. तिला पाणी कमी लागतं, मुळं उथळ असतात आणि तिथे ती जगते. गुलाबाच्या काट्यांना शेजारच्या कबरीवर येणाऱ्यांचे कपडे अडकतात. पिंपळ किंवा उंबराचं रोप दिसलं तर चार पानांचं असतानाच उपटा. तणनाशक किंवा मीठ टाकू नका, शेजाऱ्याची झाडं जातात.

2 नोव्हेंबर. मृतांचा दिवस, तुमच्या घरात ऑल सोल्स डे म्हणत असतील. त्या दिवशी दफनभूमीत मिस्सा असते, बहुधा संध्याकाळी, आणि नंतर फादर कबरींवरून आशीर्वादित पाणी शिंपडत फिरतात. गर्दी इतकी की पार्किंगपासून गेटपर्यंत पाय ठेवायला जागा नसते. आईवडिलांना पहिल्यांदाच आणत असाल तर वेगळा दिवस धरता येईल. 1 ते 8 नोव्हेंबर या आठवड्यात कबरीला भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना करण्याला कॅथलिक परंपरेत विशेष महत्त्व आहे, त्यामुळे 4 किंवा 5 तारखेला सकाळी शांतपणे गेलात तरी मान राखला जातो. पण घरच्या सगळ्यांबरोबर उभं राहायचं असेल तर 2 तारीखच. तेव्हा आईला एक घडीची खुर्ची घेऊन जा.

साफसफाई त्या दिवशी करायची नसते. 30-31 ऑक्टोबरला जाऊन करा. ज्यांच्या संगमरवरी कबरी आहेत ते याच दिवसांत सर्वात मोठी चूक करतात, बाथरूमचं ॲसिड ओतून डाग काढतात. संगमरवर चुन्याच्याच जातीचा, ॲसिडने त्याचा वरचा थर विरघळतो, दगड खरखरीत होतो आणि पुढच्या वर्षी दुप्पट मळतो. साधं पाणी, नायलॉनचा मऊ ब्रश आणि खालून वर घासणं, बस्स. तारेचा ब्रश नको, कपड्यांची पावडर नको. मेणाचे थर लाकडी पट्टीने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडावेत, सुरीने नाही.

आता तुमच्या आईंचं. त्या विहिणीला भेटायला येताहेत, तिथे तिचं आवडतं घेऊन येणार हे मनापासूनचं आहे, तेव्हा ‘चालत नाही’ या शब्दाने सुरुवात करू नका. काय आणायचं ते सांगा. फुलं आणा, शेवंती, झेंडू, निशिगंध, हार असला तरी चालतो, क्रूसाला घालतात. प्लॅस्टिकचा कागद आणि स्टेपलच्या पिना गेटबाहेरच काढून टाका. मेणबत्त्या आणा. उदबत्तीही चालते, चर्चमध्ये धूप असतोच, फक्त ती मातीत खोचा, क्रूसाच्या सांध्यात नको.

हळदकुंकू नको, आणि त्याची दोन कारणं आईंना पटतील. सासूबाईंच्या धर्मात तो त्यांचा मान नाही, त्यांनी आयुष्यभर जे लावलं नाही ते आता त्यांना लावणं म्हणजे त्यांच्या माघारी त्यांचं मत बदलण्यासारखं आहे. दुसरं, वारा असला की कुंकू शेजारच्या पांढऱ्या संगमरवरावर जातं आणि हळदीचा डाग दगडात मुरतो, निघत नाही. नारळ फोडायचा नाही, तिथे अर्पणाचा विधीच नाही. पुरणपोळी डब्यातच राहू दे. कबरीवर अन्न ठेवलं की संध्याकाळपर्यंत मुंग्या, रात्री घुशी आणि कुत्री, आणि ती नुसतं अन्न खाऊन जात नाहीत, मऊ माती उकरतात. घरी परतल्यावर सासूबाईंच्या फोटोसमोर बसून सगळ्यांनी पुरणपोळी खा. दोन पोळ्या वेगळ्या बांधून खणणाऱ्या माणसांना दिल्यात तर फारच छान.

साताऱ्याकडे बायका सहसा स्मशानात जात नाहीत, त्यामुळे आईंना आत पाऊल टाकताना अवघड वाटेल. त्यांना आधीच सांगून ठेवा की इथे बायका, पोरं, आज्या सगळे येतात, हसतात, चहा पितात. घरी गेल्यावर त्यांना आंघोळ करायची असेल तर खुशाल करू दे, पण ‘आता विटाळ झाला, आधी न्हाणीघरात जा’ हे वाक्य गेटवर सासरच्या माणसांसमोर निघायला नको. चपला काढायची गरज नाही, डोक्यावर पदर घेणं ऐच्छिक. पांढरे-काळे कपडेच हवेत असंही नाही, फक्त लग्नातला झगमगाट नको.

चालायचं कबरींच्या मधल्या वाटेने. वाट नसेल तर पायांकडच्या बाजूने, एका ओळीत. तात्पुरत्या कबरींवर फरशी नसते, त्यामुळे नवख्याला ती नुसती मोकळी जमीन वाटते आणि पाय पडतो. त्यात खाली पेटी कुजलेली असेल तर पाय घोट्यापर्यंत आत जाऊ शकतो. म्हणून वडिलांना पुढे चालू देऊ नका, ज्याला जागा माहीत आहे त्याने पुढे व्हावं. चुकून पाय पडलाच तर हात लावून नमस्कार केला की झालं, कुणी रागावत नाही. दफनस्थळी घुसून मुद्दाम भावना दुखावणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 301 खाली एक वर्षापर्यंत शिक्षा आहे, पण तो कायदा अशा चुकीसाठी नाही. दुसऱ्याच्या कबरीवर बसणं, पिशवी ठेवणं, मेणबत्ती पेटवायला त्यांच्या मेणबत्तीची ज्योत न विचारता घेणं, याला लोक मात्र मनातल्या मनात बोल लावतात. फोटो आपल्या कबरीचे काढा, चौकटीत शेजारचं नाव आणि रडणारी माणसं येणार नाहीत असं बघा. मिस्सा चालू असताना आईवडिलांनी बसून राहिलं तरी चालतं. फक्त शेवटी पवित्र भाकर घ्यायला रांग लागते तिच्यात ते उभे राहणार नाहीत एवढं आधी सांगा. ती बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असते, आणि आपल्याकडे प्रसाद म्हटला की माणूस सहज हात पुढे करतो.

घरात कुणी प्रोटेस्टंट नातेवाईक असतील, नगर-जालन्याकडे बहुधा असतातच, तर ते मेणबत्ती लावणार नाहीत किंवा मृतासाठी प्रार्थना म्हणणार नाहीत. त्यांच्या मंडळींत ती शिकवण नाही. ते ईस्टरच्या पहाटे कबरीवर येतात. त्यांना आग्रह करू नका, फुलं ते ठेवतील.

मेणबत्त्यांसाठी पत्र्याचा रिकामा डबा घ्या, बिस्किटांचा चालेल, त्यात तीन बोटं वाळू भरा आणि त्यात मेणबत्त्या उभ्या करा. वाऱ्याला डब्याची भिंत आड येते, मेण मातीवर किंवा शेजारच्या लादीवर ओघळत नाही, आणि नोव्हेंबरचं वाळलेलं गवत पेट घेत नाही. कागदी फुलांच्या चक्राशेजारी मेणबत्ती ठेवून निघून गेलेल्या कुटुंबामुळे अख्खी रांग काळी पडते. निघताना ज्योती विझवा आणि डबा घरी आणा, निशसमोर पुढच्या वर्षी तोच लागेल. काड्यापेट्या दोन ठेवा, त्यातली एक आईंच्या पर्समध्ये.